उललेले हात

नांदेड जिल्ह्यातल्या भोकरच्या शिवारात कापसाची दुसरी-तिसरी वेचणी चालू असते तेव्हा थंडीही भरात आलेली असते. पहाटे रानात पाऊल टाकलं तर दवानं पाय भिजतात आणि दुपारी दोनच्या सुमाराला त्याच रानात ओठ कोरडे पडून ओढायला लागतात. वेचणीला आलेल्या बायांचे हात या दिवसांत बघावेत. अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या टोकाला, नखाच्या अगदी कडेला, उभ्या चिरा पडलेल्या असतात. कुणाच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या असतात. संध्याकाळी घरी जाऊन ठेचा वाटायचा म्हटलं की त्या चिरांची आग होते. तरी कुणी तक्रार करत नाही. हिवाळ्यात हात उलतातच, असं म्हणून विषय संपतो.

मला हे मान्य नाही. हात उलण्यामागं ठरावीक कारणं आहेत. ती समजून घेतली तर बहुतेक चिरा टाळता येतात आणि पडलेल्या चिरा आठ-पंधरा दिवसांत भरून आणता येतात. त्यासाठी लागणाऱ्या वस्तू गावातल्या किराणा दुकानात आणि मेडिकलवर मिळतात. कमी पडते ती माहिती, विशेषतः तेल किंवा मलम कधी लावायचं याची.

आधी हवेकडं बघू. भोकर अरबी समुद्रापासून सुमारे ५०० किलोमीटर आत आहे, आणि बंगालचा उपसागरही जवळपास तितकाच लांब. पावसाळा सरला की ओलावा आणणारं वारं थांबतं. डिसेंबर-जानेवारीत काही पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो आणि दुपारी २८-३० वर चढतो. १० अंशांच्या एक घनमीटर हवेत फार तर साडेनऊ ग्रॅम वाफ मावते, ३० अंशांच्या हवेत तीस ग्रॅम. समजा पहाटे हवेत साडेसात ग्रॅम वाफ आहे. तेव्हा सापेक्ष आर्द्रता ८० टक्के भरते, म्हणून दव पडतं आणि हवा ओलसर वाटते. दुपारी वाफ तेवढीच राहते, पण हवेची मावण्याची ताकद तिपटीनं वाढलेली असते, आणि आर्द्रता २५ टक्क्यांवर येते. अशी हवा जिथं मिळेल तिथून पाणी ओढते. मातीतून, बोंडाखालच्या पानांतून आणि माणसाच्या कातडीतूनही. थंडीनं हात फुटतात असं आपण म्हणतो, पण त्यात मोठा वाटा दुपारच्या या कोरड्या हवेचा आहे. संध्याकाळी शेकोटीपुढं तळवे धरून बसलं की बरं वाटतं, पण कातडीतलं उरलंसुरलं पाणी त्या धगीनं आणखी वेगानं उडतं.

कातडीचा सर्वांत वरचा थर मेलेल्या, चपट्या पेशींचा असतो. अंगावर बहुतेक ठिकाणी तो जेमतेम ०.०२ मिलिमीटर जाड असतो, तळहातावर आणि तळपायावर त्याच्या कित्येक पट. त्वचातज्ज्ञ त्याची रचना विटांच्या भिंतीसारखी आहे असं सांगतात: पेशी या विटा, आणि त्यांच्या फटींत भरलेले स्निग्ध पदार्थ हा चुना. या चुन्यात मुख्यतः सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं असतात. विटांच्या आत पाणी धरून ठेवणारी द्रव्यं असतात, म्हणजे अमिनो आम्लं, लॅक्टिक आम्ल आणि युरिया. होय, आपण पिकाला टाकतो तेच रसायन आपल्या कातडीतही तयार होतं. चुना शाबूत असला तर आतलं पाणी बाहेर जात नाही. तो झिजला तर पाणी जातं, थर कडक होतो आणि बोट वाकवलं की वाकण्याऐवजी चिरतो.

बोस्टनमधले संशोधक अर्व्हिन ब्लँक यांनी १९५२ साली यावर अगदी साधा प्रयोग केला. त्यांनी माणसाच्या घट्ट्यातून काढलेले कोरडे, कडक तुकडे घेतले. काही तेलात ठेवले, काहींना पाणी मिळू दिलं. तेलातले तुकडे कितीही वेळ ठेवले तरी कडकच राहिले. पाणी मिळालेले तुकडे मऊ झाले. या थरातलं पाणी साधारण १० टक्क्यांच्या खाली गेलं की तो ठिसूळ होतो, हे त्यातून कळलं. कातडी मऊ होते ती पाण्यानं, आणि तेलाचं काम ते पाणी आत अडवून धरण्याचं. आपल्याकडं नेमकी इथंच चूक होते. दिवसभर हात सुकून कडक झाल्यावर, रात्री झोपताना त्या कोरड्या हातांना आपण तेल चोळतो. तेलकटपणा येतो, चकाकी येते, आणि सकाळी चिरा होत्या तिथंच असतात. तेच तेल ओल्या हातांना लावलं तर गुण येतो.

तळहाताची आणखी एक अडचण आहे. अंगावर इतरत्र केसांच्या मुळाशी तेलाच्या ग्रंथी असतात. तळहातावर केस नाहीत आणि या ग्रंथीही नाहीत. तिथं फक्त घामाच्या ग्रंथी आहेत, आणि थंडीत घाम आटतो. हाताची मागची बाजू पातळ कातडीची, म्हणून ती आधी पांढुरकी होते, खवले धरते, खाजते. तळवा आणि बोटांची टोकं जाड कातडीची, म्हणून तिथं खाज कमी आणि चिरा खोल. जितकी कातडी जाड आणि घट्टेदार, तितकी ती सुकल्यावर कमी वाकते. कष्टकरी माणसाचे हात जास्त उलतात ते एवढ्यासाठी.

आणि कष्टाचा प्रकारही बघावा लागतो. कापूस वेचताना बोटांची तीनच टोकं राबतात: अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट. उमललेल्या बोंडाच्या पाकळ्या वाळून टोकदार झालेल्या असतात. कापूस ओढताना त्या नखाच्या कडेला बोचतात, दिवसात शेकडो वेळा. शिवाय सरकीवरच्या कच्च्या कापसाच्या तंतूंवर मेणाचा पातळ लेप असतो. त्यामुळं तो पाणी चटकन घेत नाही, पण तेल मात्र झटकन टिपतो. सकाळी लावलेलं तेल दोन ओट्या भरेपर्यंत हातावर राहील अशी आशा करू नये. हळदीच्या हंगामातही हे सगळं पुन्हा होतं. काढणी, शिजवणं, वाळवणं या कामांत माती, गरम पाणी आणि ऊन आळीपाळीनं हातावर येतात.

पण रानातून परत आलेल्या बाईचं काम संपलेलं नसतं. भाकरीचं पीठ गरम पाण्यात मळायचं, भांडी घासायची, धुणं धुवायचं, गोठा सारवायचा. जर्मनीतल्या कामगार आरोग्याच्या नियमांत दिवसाला २ तासांहून जास्त वेळ हात ओले राहतात असं काम कातडीला धोक्याचं धरलं आहे, आणि अशा कामगाराला हातमोजे आणि मलम पुरवणं ही मालकाची जबाबदारी मानली आहे. आपल्या घरातल्या बाईचे हात रोज किती तास ओले असतात, हे कुणी मोजत नाही. पाण्यानं कातडी मऊ होते असं वर म्हटलं, आणि तरी सतत ओलं राहणं वाईट कसं, असा प्रश्न पडेल. पाणी कातडीच्या वरच्या थरात शिरलं की तो फुगतो, मग सुकून आकसतो. असं दिवसातून वीस वेळा झालं की विटांमधला चुना विस्कटतो, आतली पाणी धरणारी द्रव्यं धुऊन जातात. ओलं झाल्यावर ते पाणी अडवलं नाही तर दर खेपेला कातडी आधीपेक्षा कोरडी होत जाते.

त्यात साबण. निरोगी कातडी किंचित आम्लधर्मी असते, तिचा सामू पाचच्या आसपास. साध्या साबणाच्या फेसाचा सामू नऊ-दहा. भांड्यांचा मळ काढणारं रसायन कातडीतला चुनाही काढतं, त्याला ताट आणि तळहात यांतला फरक कळत नाही. कपड्याच्या वडीनं हात धुणं, धुण्याच्या सोड्यात हात बुडवणं, राखेनं भांडी घासणं, हे तिन्ही तीव्र अल्कधर्मी मारे आहेत. बोअरचं पाणी जड असलं तर साबण नीट फेसाळत नाही, म्हणून आपण जास्त चोळतो, आणि त्याचा साका कातडीवर बसून राहतो. पाणी कढत असलं तर हे सगळं दुपटीनं लागतं, कारण ऊन पाण्यात स्निग्ध पदार्थ लवकर सुटतात. भांडी घासताना तेलकट कढईला जे होतं ते हातालाही होतंच.

अंगाच्या साबणाची निवड करताना एक गोष्ट वेष्टनावर छापलेली असते आणि फार थोडे लोक ती वाचतात. 'टीएफएम' म्हणजे त्या वडीतल्या एकूण मेदद्रव्याचं प्रमाण. भारतीय मानकांनुसार पहिल्या प्रतीच्या अंघोळीच्या साबणात ते किमान ७६ टक्के असावं लागतं, दुसऱ्या प्रतीत ७०, तिसऱ्या प्रतीत ६०. 'बेदिंग बार' असं लिहिलेल्या वड्या वेगळ्या मानकात येतात, आणि तिथं ४० टक्क्यांपर्यंतही चालतं. साधा साबण घ्यायचा तर थंडीच्या तीन महिन्यांत तरी पहिल्या प्रतीचा घ्यावा, आणि हाताला खरंच मळ, चिकटा किंवा औषध लागलं असेल तेव्हाच तो वापरावा. नुसत्या मातीला कोमट पाणी पुरतं. फवारणीच्या औषधाच्या बाबतीत मात्र काटकसर नको. तिथं साबणानं स्वच्छ धुवावं आणि लगेच वंगण लावावं.

दिवाळीच्या अभ्यंगस्नानाची वेळ आपल्या पूर्वजांनी चांगली निवडली, असं मला नेहमी वाटतं. थंडी सुरू होते तेव्हाच अंगाला तेल लागतं. अंघोळीआधी तेल लावण्याचा फायदा हा की साबणाचा आणि उटण्याचा मारा थोडा सौम्य होतो. मात्र अंघोळीनंतर, अंग ओलं असताना दुसरा हात फिरवण्याची पद्धत आपल्याकडं फारशी नाही, आणि ती पडायला हवी. हात धुतले की टॉवेलनं खसाखसा पुसू नयेत, नुसते टिपावेत, आणि तीन मिनिटांच्या आत, कातडी ओलसर असतानाच तेल किंवा मलम लावावं. दिवसातून एकदा पुष्कळ लावण्यापेक्षा दर धुण्यानंतर थोडंसं लावलेलं जास्त उपयोगी. वाटाण्याएवढं दोन्ही हातांना पुरतं.

कोणतं तेल, हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. मराठवाड्यात त्याचं एक घरचं उत्तर आहे, आणि आपण ते विसरत चाललो आहोत. करडई हे आपल्या कोरडवाहू रब्बीचं जुनं पीक. परभणीच्या कृषी विद्यापीठानं 'परभणी कुसुम' हा वाण दिला तो याच पिकाचा. करडईच्या तेलात पाऊण भागाच्या आसपास लिनोलिक आम्ल असतं. कातडीतलं जे खास सेरामाइड पाणी अडवतं ते घडवायला शरीराला हेच आम्ल लागतं, आणि शरीर ते स्वतः बनवू शकत नाही. सूर्यफुलाच्या तेलातही ते भरपूर असतं. बांगलादेशात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ते तेल चोळून कातडीचं रक्षण होतं का, याची रुग्णालयात चाचणी झाली आणि बाळांमधला जंतुसंसर्ग कमी झालेला दिसला. खोबरेल तेलाची चाचणी फिलिपीन्समध्ये २००४ साली कोरड्या कातडीवर झाली, तेही चांगलं ठरलं. ऑलिव्ह तेलाचा मात्र सध्या फार बोलबाला असला तरी त्यातलं ओलेइक आम्ल कातडीचा चुना सैल करतं, असं २०१३ च्या एका ब्रिटिश अभ्यासात दिसलं. महागडं तेल आणून हातांचं भलं होईल असं समजू नये.

तेल रोजच्या राखणीला पुरतं. चिरा पडल्यावर मात्र ते पातळ पडतं, तिथं घट्ट वंगण हवं. व्हॅसलीन, म्हणजे पेट्रोलियम जेली, याबाबतीत अजून कुणाला हरलेली नाही. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात तेलाच्या विहिरींवर काम करणारे मजूर पंपाच्या दांड्यांवर साचणारा चिकट मेणचट पदार्थ हाताच्या कापल्या-भाजल्यावर लावत. रॉबर्ट चेसब्रो नावाच्या तरुण रसायनज्ञानं ते पाहिलं, तो शुद्ध केला आणि १८७२ साली त्याचं पेटंट घेतलं. मजुरांच्या हातांवर सापडलेलं औषध मजुरांच्या हातांना चालतं, यात नवल नाही. ही जेली पाण्याची वाफ जवळजवळ पूर्ण अडवते, तिच्यात वास नाही, रंग नाही, म्हणून तिची ॲलर्जीही क्वचितच येते. सुगंधी क्रीममध्ये पाणी जास्त आणि वंगण कमी असतं, आणि त्यातला सुवास चिरेत गेला की झोंबतो. डबी जितकी साधी तितकी बरी.

घट्टे पडून कातडी दगडासारखी झाली असेल तर युरियाचं मलम. ५ किंवा १० टक्के युरिया असलेलं क्रीम जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. तो कातडीत पाणी ओढून धरतो. २० टक्के किंवा त्याच्या वरचं प्रमाण असेल तर जाड थर सोलूनही काढतो. उघड्या चिरेवर तो चरचरतो, म्हणून आधी चीर भरू द्यावी. आणि एक विनंती: खताच्या पोत्यातला युरिया पाण्यात कालवून हाताला लावण्याचा विचार कुणी करू नये. त्याला २०१५ पासून निंबोळी तेलाचा लेप असतो, त्यात बाययुरेट नावाची अशुद्धी असते, आणि हातावर तो किती टक्के जातो याचा काही हिशेब राहत नाही.

ग्लिसरीन चांगलं, पण निम्म्या पाण्यात किंवा गुलाबपाण्यात मिसळून, आणि त्यावर तेलाचा हात फिरवून. त्यात लिंबू पिळण्याची जी पद्धत आहे ती सोडून द्यावी. लिंबाचं आम्ल चिरेत झोंबतं, आणि लिंबाचा रस लागलेल्या हातावर ऊन पडलं तर काळे डाग किंवा फोडही येतात.

जुन्या उपायांत खरंच मोलाच्या गोष्टी आहेत. चरकसंहितेत हात आणि पाय फुटून तीव्र वेदना होणारा 'विपादिका' नावाचा विकार सांगितला आहे, सुश्रुतांनी पायांच्या भेगांना 'पाददारी' म्हटलं आहे. तिळाच्या तेलात मेण वितळवून केलेलं सिक्थतैल, राळेचं मलम, तांब्याच्या परातीत शंभर वेळा पाण्यानं धुऊन केलेलं शतधौत घृत, कोकण-गोव्याकडं कोकमाच्या बियांचं भिरंडेल: या सगळ्यांत स्निग्ध पदार्थ आहे, आणि मेण किंवा घट्ट तेलामुळं वाफ अडते. अंगच्या उष्णतेच्या जवळपास वितळणारं कोकमाचं तेल चिरेत भरायला फार सोयीचं. ही मलमं करताना आजी हात आधी कोमट पाण्यात भिजवायला सांगत असेल तर ती अगदी बरोबर सांगत होती.

पण बिब्बा नको. किनवट-माहूरकडच्या जंगलपट्ट्यात आणि आठवडी बाजारात बिब्बा सहज मिळतो, आणि भेगेत त्याचं गरम तेल सोडून ती 'जाळून बुजवायची' रीत अजून आहे. बिब्ब्याच्या सालीतला काळा रस कातडीवर भयंकर ॲलर्जी उठवतो: लाल सूज, पाण्यानं भरलेले फोड, कधी कधी हात चेहऱ्याला लागला की डोळे मिटण्याइतकी सूज. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मानेवर असेच चट्टे उठले, तेव्हा शोध घेता कळलं की धोबी कपड्यांवर खूण करायला बिब्ब्याची शाई वापरत होते. वाळलेल्या शाईच्या एका ठिपक्यानं हे होत असेल तर चिरेत सोडलेल्या रसाचं काय सांगावं. मेणबत्तीचं वितळतं मेण, चुना, टूथपेस्ट यांनाही चिरेत जागा देऊ नये.

चीर पडलीच असेल तर रात्रीची पंधरा मिनिटं तिला द्यावीत. कोमट पाण्यात, कढत नव्हे, दहा मिनिटं हात बुडवून ठेवावेत. कडा मऊ झाल्या की बारीक दगडानं हलकेच घासाव्यात. ब्लेडनं किंवा नखानं कधीही सोलू नयेत, कारण सोललेली कड पुन्हा जाड होऊनच येते. हात टिपून चिरेत व्हॅसलीन दाबून भरावं, वर जाडसर थर द्यावा, आणि सुती हातमोजे किंवा जुने स्वच्छ सुती पायमोजे हातात घालून झोपावं. हे दोन-तीन रात्रीच करून सोडलं तर उपयोग कमी. सलग आठ-दहा रात्री करावं. दिवसा कामावर जाताना चिरेच्या दोन्ही कडा जवळ आणून त्यावर आडवी कागदी चिकटपट्टी लावावी, मेडिकलवर मिळते ती. पट्टीखाली चीर ओलसर राहते आणि बोट वाकताना पुन्हा उघडत नाही. जखम हवेला उघडी ठेवली की लवकर भरते, ही आपल्याकडची पक्की समजूत. जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी कातडी सुमारे दुप्पट वेगानं चढते. स्टेशनरीच्या दुकानातला चिकटवणारा द्राव मात्र चिरेत घालू नये. डॉक्टर चिरेसाठी एक प्रकारचा चिकट द्राव वापरतात, पण तो वेगळा असतो.

रानात काम करणाऱ्यानं धनुर्वाताचं इंजेक्शन वेळेवर घेतलेलं असावं. उघडी चीर आणि शेणामातीचा संबंध रोजचाच आहे. चिरेभोवती लाली पसरली, पू धरला, ठणका रात्री झोपू देईना, बगलेत गाठ आली, तर घरी थांबू नये. मधुमेह असेल तर यातलं एकही लक्षण उद्यावर ढकलू नये.

आणि प्रत्येक फुटलेला हात हा थंडीनं फुटलेला नसतो. फाल्गुन सरून चैत्राचं ऊन लागलं तरी हात तसेच असतील तर दुसरं काही शोधावं. डाव्या हाताच्या अंगठ्याची आणि पुढच्या दोन बोटांचीच टोकं सोलत असतील, तर बहुधा लसूण. उजव्या हाताची बाई लसूण डाव्या हातात धरून सोलते, आणि त्यातलं गंधकयुक्त रसायन त्याच बोटांना भोवतं. एकच तळवा कोरडा, पिठूळ, आणि दोन्ही पायांच्या बोटांत चिखल्या, असं दिसलं तर बुरशी. बोटांच्या बेचक्यांत रात्री खाज आणि घरात सगळ्यांनाच खाज, तर खरूज. ती थंडीत फार फैलावते, आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री औषध लावल्याशिवाय जात नाही. गवंड्याच्या हातांना सिमेंटचा तीव्र अल्क भाजतो, शिवाय त्यातल्या क्रोमियमची कायमची ॲलर्जी बसते. युरोपात २००५ पासून सिमेंटमधल्या या घातक क्रोमियमवर मर्यादा घातली आहे. बांधावरच्या गाजरगवताचीही ॲलर्जी हात, मान आणि चेहऱ्यावर उठते. या सगळ्यांचं औषध वेगवेगळं आहे.

म्हणून मेडिकलवरून 'खाजेची ट्यूब' आणून लावणं धोक्याचं. त्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा तीव्र स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असतात. दोन दिवसांत आराम वाटतो, आणि कातडी पातळ होत जाते, बुरशी आतून पसरते. डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइड मलम ठरावीक दिवस लावणं ही निराळी गोष्ट, आणि एक्झिमा असेल तर ते लागतंच.

एका कारणाबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण ते लपवलं जातं. तळवा कोरडा, फुटलेला, पण दुखत नाही. चहाचा गरम पेला हातात धरला तरी भाजत नाही. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर. अंगावर एखादा फिकट किंवा तांबूस चट्टा आणि त्याला टोचलेलं कळत नाही. ही कुष्ठरोगाची लक्षणं असू शकतात. नसा बाधल्या की घाम बंद होतो, म्हणून कातडी सुकते. आणि दुखत नाही म्हणून चीर वाढत जाते. वेल्लोरला काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या शेवटी हे स्पष्ट केलं की या रुग्णांची बोटं रोग खात नाही, न कळलेल्या इजा खातात. त्यामुळं कुष्ठरुग्णांना हातांची निगा शिकवताना रोज अर्धा तास हात पाण्यात भिजवणं, दगडानं घट्टे घासणं आणि ओल्या हातांवर तेल किंवा व्हॅसलीन लावणं, हेच शिकवतात. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, सहा महिने किंवा वर्षभर घ्यावं लागतं, आणि रोग पूर्ण बरा होतो. भोकरच्या सरकारी रुग्णालयात दाखवावं. पुढची तपासणी लागली तर नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग विभाग आहे. जिच्या हाताची चीर दुखत नाही, तिला आधी न्यावं.

आता पुन्हा वेचणीकडं. रबरी हातमोजे घालून कापूस वेचता येत नाही, वेग जातो आणि किलोवर मजुरी असते. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या टोकाला रानात निघतानाच कागदी पट्टीचे दोन वेढे दिले तर बोंडाची टोकं नखाच्या कडेला लागत नाहीत आणि बोटांची जाण राहते. चिंधीपेक्षा ही पट्टी बरी, कारण चिंधी सरकते आणि घाण धरते. दुपारी जेवायला बसताना हात धुतले जातातच. तेव्हा बांधावर व्हॅसलीनची एक डबी असावी. ज्याचं शेत आहे त्यानं पाण्याच्या घागरीबरोबर ती न्यावी, दहा बायांना एक मोठी डबी पुष्कळ दिवस जाते. दुपारच्या कामात ते टिकणार नाही, पण जेवणानंतर झाडाच्या सावलीत घटकाभर बसतात तेवढ्यात कातडीला हवं ते पाणी आत अडतं. घरी भांडी घासताना रबरी हातमोजे जरूर वापरावेत, आत घाम येतो म्हणून खाली सुती मोजे घालून. आणि येळवसेच्या (मार्गशीर्षातल्या अमावस्येच्या) आधी, म्हणजे चिरा पडण्यापूर्वीच, दर धुण्यानंतर तेलाचा हात फिरवायला सुरुवात करावी. चीर न पडू देण्याला रोजचं एक मिनिट लागतं, पडलेली भरायला पंधरवडा.